तिसऱ्या रांगेतला किलिम

कारापनार, ११ मार्च २०२३

नेफिसे,

आईने विणलेला लोकरीचा किलिम तुमच्या बुर्साच्या मशिदीत कितव्या रांगेत अंथरलाय, ते मला उलट टपाली कळव. खांबाजवळ आहे की भिंतीजवळ? त्यावर ऊन येतं का? रंग उडाला असेल तर किती उडाला?

तुला कळवता येणार नाही, कारण तो तिथे नाहीच. तो इथे आहे, आपल्या शिशाच्या घुमटाच्या मशिदीत, भिंतीला टांगलेला. काल मी डोळ्यांनी पाहिला. चष्मा पुसून परत पाहिला.

सेवदियेची मयत झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, आपण बोललो नाही. त्या दिवशी तू फोनवर सांत्वनाचे दोन शब्द बोलण्याआधी विचारलंस, ‘वहिनीच्या जनाज्यावर काय घातलंस?’ मी म्हटलं, ‘ब्लँकेट, दुकानातलं.’ तू काही बोलली नाहीस. त्या गप्प बसण्याचा मला राग आला होता. आता कळतंय की तेव्हाही तुला ठाऊक होतं किलिम कुठे आहे, आणि तो माझ्या घरापासून चारशे पावलांवर होता.

क्रमाने सांगतो, नाहीतर माझं लिहिणं भरकटतं. पंच्याऐंशी साली मशीद बंद झाली, मग तिचं म्यूझियम झालं, मग एकोणनव्वदला तुम्ही लोक सीमेपलीकडे गेल्यावर कित्येक वर्षं कुलूपच होतं. आता सरकारने डागडुजी केली आहे. घुमटावर नवं शिसं, आत दिवे, घडीच्या खुर्च्या, आणि दारावर पाटी, ‘सांस्कृतिक दालन’. शनिवारी गाण्याचा कार्यक्रम असतो. नमाज नाही. मिनारावरचे करकोचे मात्र याही वर्षी आले.

दुरमुश न्हावी मागे लागला. ‘चल, बघून येऊ. म्हाताऱ्यांना तिकीट नाही.’

मी म्हटलं, ‘माझं तिथे काय काम?’

‘तुझा बाप नमाजाला बसायचा तिथे म्हणे पियानो ठेवलाय. तो तरी बघ.’

तू त्याला ओळखतेस. पंच्याऐंशी वर्षांचा झाला तरी जीभ वस्तऱ्यासारखीच.

दारात पोचलो आणि मी बूट काढले. ठरवून नाही काढले. हात आपोआप नाडीकडे गेले. आतून बाई ओरडली, ‘ओ आजोबा! बूट घाला ते! ही मशीद नाही आता. फरशी बर्फ झाली आहे, तुम्हाला न्यूमोनिया झाला तर कागद मला भरावे लागतील.’ ही वेस्का, बेकरीवाल्या पेत्कोची मुलगी. तिकिटाला बसते.

दुरमुश म्हणाला, ‘राहू दे गं. याच्या मोज्याला भोक आहे, ते गावाला दिसू दे.’

मी बूट उचलून हातात घेतले, पण पायात घालायला मन होईना. तसाच आत गेलो, हातात बूट आणि पायाखाली गार दगड. पाय आपसूक तिसऱ्या रांगेत, खांबापाशी जाऊन थांबले, बाबांच्या जागेवर. पियानो तिथे नव्हता, दुरमुश खोटं बोलला होता. मग मी मान वर केली, तर मक्केच्या बाजूच्या भिंतीवर, मेहराबीच्या कोनाड्याच्या डाव्या हाताला, आईचा किलिम.

तो आईचाच आहे, दुसऱ्या कोणाचा नाही. काठाला फण्यांची नक्षी आहे, सगळ्या फण्या हिरव्या आणि एकच लाल. हिरवी लोकर संपली तेव्हा आईने बाबांच्या कमरपट्ट्यातून लाल दोरा उसवून घेतला होता. बाबा महिनाभर पँट हाताने धरून फिरत होते, आणि आपण हसत होतो. ती लाल फणी खालून सातवी. मी मोजली.

खाली पाटी आहे. ‘स्थानिक विणकाम. विसाव्या शतकाचा मध्य. विणणारी अज्ञात. देणगी: नेवेना स्लावोवा, जुलै १९८९.’

नेवेना स्लावोवा. सरकारने आपली तुर्की नावं बंद केली तेव्हा तुझ्या गळ्यात बांधलेलं ते नाव तू बुर्साला पोचताच तोडून फेकलंस, असं तूच अभिमानाने लिहिलं होतंस. बाबा मरून वीस वर्षं झाली होती तरी तुझ्या नावामागे लावायला सालिहचा स्लावी करून टाकला त्या लोकांनी. आणि त्याच नावाने तू आईचा किलिम त्याच लोकांच्या हातात दिलास. जाताना. गाडीच्या टपावर शिवणाचं मशीन न्यायला जागा होती. दोन रजया होत्या. किलिमाला जागा नव्हती?

आणि नव्वद साली मला पत्र लिहिलंस. ते पत्र माझ्याकडे आहे. ‘आईचा किलिम आमच्या घराजवळच्या मशिदीत अंथरला आहे. रोज माणसं त्यावर कपाळ टेकतात. तू निश्चिंत राहा.’ तेहतीस वर्षं मी निश्चिंत राहिलो, नेफिसे. जन्मात मी ज्या एकाच गोष्टीबद्दल निश्चिंत होतो, ती हीच.

माझं हृदय बरं नाही. डॉक्टर म्हणतात जिने चढू नका, तिखट खाऊ नका, काळजी करू नका. आपल्याकडे माणूस गेलं की जनाज्यावर घरचा किलिम घालतात आणि चाळिसाव्या दिवशी तो मशिदीला देतात. आईचा किलिम आईवर पडला नाही. तो निदान माझ्यावर पडावा. मला तो परत हवा आहे. एवढंच.

शाकिर


कारापनार, ३० मार्च २०२३

नेफिसे,

पत्र पोचलं की नाही? मी पोस्टात जाऊन दोनदा विचारलं. पोस्टातली पोरगी म्हणाली, ‘आजोबा, तुर्कस्तान चंद्रावर नाही, पोचेल.’ पत्ता चुकलाय का या काळजीने मी जुनं पाकीट काढून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. पत्ता बरोबर आहे.

मी परत मशिदीत गेलो होतो. दालनाची प्रमुख रालित्सा नावाची तरुण बाई आहे, राजधानीतून आलेली. नीट बोलते. पण तुझ्या माझ्यासारख्यांशी नीट बोलणारी सरकारी माणसं बघितली की मला अजून घाम फुटतो, काय करू.

मी म्हटलं, ‘तो किलिम माझ्या आईचा आहे.’

तिने वही उघडली. ‘देणाऱ्या बाई नेवेना स्लावोवा. तुम्ही त्यांचे कोण?’

‘भाऊ.’

‘तुमचं नाव शाकिर सालिह. त्यांचं नेवेना स्लावोवा. कागदावर तुम्ही भाऊ-बहीण दिसत नाही, आजोबा.’

वेस्का बाजूला सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. ती म्हणाली, ‘मॅडम, इथल्या अर्ध्या गावाचं असंच आहे. यांना तेव्हा सिमेओन म्हणायचे. मी लहान होते, सिमेओनकाका म्हणून हाक मारली की हे ऐकून न ऐकल्यासारखे जायचे. लोक म्हणायचे, बहिरे आहेत.’

रालित्सा लाल झाली. मग तिने जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहितो, कारण आता सगळं तुझ्या हातात आहे. सेंट जॉर्जच्या सणानंतर, म्हणजे आपल्या सहा मेच्या हिदरेल्लेझनंतर, किलिम धुलाईसाठी राजधानीला जाणार. तिथून तो परत इथेच येईल याची खात्री ती देऊ शकत नाही. कदाचित मोठ्या म्यूझियमच्या कोठारात जाईल. तो थांबवायचा किंवा परत घ्यायचा तर देणगी देणाऱ्याची सही लागते. ‘मी दिलेली वस्तू माझ्या भावाच्या स्वाधीन करावी, तो सांगेल तसं करावं.’ एवढं लिहून दोन्ही नावांनी सही, आणि तुमच्याकडच्या नोटरीचा शिक्का. नमुना सोबत जोडला आहे. सहा मेच्या आत.

तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. सही कर.

एक गोष्ट मला रात्रंदिवस कुरतडते आहे. तू किलिम विकला असतास तर मी समजलो असतो, परक्या मुलखात जाताना माणसाला लागतं. हरवला म्हणाली असतीस तरी रडून गप्प बसलो असतो. पण तू मला एक मशीद रचून सांगितलीस, त्यात माणसं बसवलीस, त्यांची कपाळं टेकवलीस. आणि मी दर शुक्रवारी डोळे मिटून त्या मशिदीत जात होतो. इतकं नीट खोटं तू माझ्याशी का बोललीस?

वेस्काने माझ्या मनगटावर त्यांचा तो मार्चचा लाल-पांढरा दोरा बांधला. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, ‘करकोचा दिसला की सोडा आणि झाडाला बांधा, तब्येत सुधारेल.’ करकोचा तर तिच्याच डोक्यावर मिनारात बसलेला आहे. मी अजून सोडला नाही.

शाकिर


कारापनार, १६ एप्रिल २०२३

नेफिसे,

बुधवारी फोन वाजला. तुझ्या नातीचा. ‘शाकिरआजोबा, आजी म्हणते पत्रं मिळाली.’ मी म्हटलं, ‘आजीला दे.’ मागे तुझा खोकला ऐकू आला. मग ती पोर म्हणाली, ‘आजी म्हणते, आधी तुम्ही पत्रात सगळं लिहा, मग ती सही करेल.’ आणि फोन बंद.

सगळं म्हणजे काय? मी दोन दिवस चरफडत होतो. दुरमुशला सांगितलं. तो म्हणाला, ‘तिने तुला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलंय. आता मान हलवू नकोस, कापेल.’

आज त्यांचा ईस्टर आहे. वेस्काने लाल रंगवलेलं अंडं आणून दिलं. रमजान आहे, पण डॉक्टरांनी मला रोजा मना केलाय, म्हणून ते अंडं मी भर दुपारी खाल्लं आणि मग लिहायला बसलो. कोणी बघत नसताना खाल्लं. बघ, अजून माझी सवय जात नाही.

दफनभूमीच्या फाटकाचं म्हणत असशील तर ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. फेब्रुवारी पंच्याऐंशी. बर्फ घोट्यापर्यंत. आईला पेटीत घातलेलं, त्यांच्या पद्धतीने, कारण आपल्या पद्धतीला बंदी. कौन्सिलचा माणूस चामड्याची टोपी घालून फाटकात उभा, कोण काय पुटपुटतो ते बघायला. तू किलिमाची घडी कोटाच्या आत पोटाशी धरून आणली होतीस. पोटुशी बाई दिसत होतीस. पेटी उतरवायच्या आधी तू घडी बाहेर काढलीस आणि मी ती तुझ्या हातातून ओढून घेतली. तू सोडत नव्हतीस. मी तुझी बोटं एकेक करून उचकटली. आणि किलिम गाडीतल्या गवताखाली कोंबला. तू मला म्हणालीस, ‘दादा, आई उघडी चालली आहे.’ मी म्हटलं, ‘तुला आम्हाला सगळ्यांना छावणीत पाठवायचंय का?’

त्या माणसाने पाहिलं नाही. त्याने वर मान करून बघितलंसुद्धा नसतं कदाचित, त्याला थंडी वाजत होती. पण ते मला नंतर कळलं. घाबरलेल्या माणसाला सगळं नंतर कळतं.

त्यानंतर तू किलिम तुझ्याकडे ठेवलास आणि मी मागितला नाही. एवढं तुला माहीत आहे. मग आणखी काय लिहू?

इथपर्यंत लिहून मी चहा करून आलो. गॅस बंद केला का ते तीनदा पाहिलं.

लिहितो. तुला माहीत असावं असं मला आता वाटतंय, नाहीतर तू ‘सगळं’ म्हणाली नसतीस. मी तुला सांगितलं होतं की पोलीस घरी आले, बंदूक टेबलावर ठेवली आणि आपल्या तिघांची नावं बदलून घेतली. पोलीस आले नव्हते, नेफिसे. आपल्या गल्लीची पाळी आठवड्याने येणार होती. लोक रानात पळून जात होते, म्हाताऱ्या दारं आतून लावून घेत होत्या. मी त्या सोमवारी सकाळी आठ वाजता स्वतःहून कौन्सिलात गेलो, दार उघडायच्या आधी. त्यांनी नावांची यादी पुढे केली. मी आपल्या पहिल्या अक्षरांच्या जवळपासची शोधली, म्हणजे कमी बदलल्यासारखं वाटेल. स्वतःला सिमेओन, तुला नेवेना. आईला ह्रिस्तिना. आई तेव्हा बोलत नव्हती, अंथरुणात होती, तिच्या वतीने मी अंगठा उठवला. माझाच अंगठा. तिथला कारकून म्हणाला, ‘सगळे तुझ्यासारखे समजूतदार असते तर किती बरं झालं असतं.’ आणि मला बरं वाटलं. हे कोणाला सांगितलं नाही, सेवदियेलाही नाही. त्याने शाबासकी दिली आणि मला बरं वाटलं.

आई अकरा दिवसांनी गेली. म्हणून तिच्या कबरीच्या फळीवर ह्रिस्तिना लिहिलं. मी आठवडाभर थांबलो असतो, जरा कुठे लपलो असतो, काहीतरी निमित्त केलं असतं, तर ती कदाचित हाफिझे म्हणूनच गेली असती. नव्वदनंतर आपली नावं परत मिळाली तेव्हा मी ती फळी काढून दगड बसवला, पण पाच वर्षं ती त्या नावाखाली झोपली.

आता झालं? हेच हवं होतं ना? पण एक लक्षात ठेव. मी भित्रा होतो. मी तुला फसवलं ते भीतीने. तू मला फसवलंस तेव्हा कसली भीती होती? तू सीमेपलीकडे होतीस, मोकळ्या हवेत. तू मला थंड डोक्याने फसवलंस.

सही पाठव. वीस दिवस उरले.

शाकिर


कारापनार, २७ एप्रिल २०२३

नेफिसे,

कागद आला. शिक्का आहे, दोन्ही नावांच्या सह्या आहेत. ‘नेफिसे’ मोठ्या अक्षरांत आणि ‘नेवेना’ मुंगीएवढं.

पाकीट झटकून पाहिलं. मेजाखाली वाकून पाहिलं, काही पडलं असेल म्हणून. मी चार पानं भरून स्वतःची कातडी सोलून तुझ्यासमोर ठेवली आणि तू त्या कागदाच्या कोपऱ्यात एक ओळ लिहिलीस. ‘उतरवल्यावर आधी मागचं अस्तर उसवून बघ.’

बस? रमजान संपल्यावर बैरामलाही फोन नाही. ‘दादा’ नाही. माफ केलं नाही, शिव्याही दिल्या नाहीस. खरेदीच्या यादीत लिहावं तसं, अस्तर उसव. अस्तरात काय ठेवलं आहेस? आईच्या बांगड्या? त्या हरवल्या म्हणाली होतीस, त्याही खोट्याच का?

पाच तारखेला शुक्रवारी दुरमुशच्या पुतण्याची गाडी सांगितली आहे. सरळ घरी आणणार. कपाटात नॅप्थलीनच्या गोळ्या घालून ठेवल्या आहेत. मी गेल्यावर तो माझ्यावर पडेल आणि मग कुठे जाईल ते मला बघायचं नाही. तुला आता काही विचारायचंही नाही. पोच म्हणून हे पत्र, एवढंच.

शाकिर सालिह


कारापनार, ८ मे २०२३

नेफिसे,

अक्षर वाईट आलंय, अडलेला शब्द नातीला दाखव. पण अख्खं पत्र तिला वाचू देऊ नकोस.

शुक्रवारी आम्ही गेलो. मी पुन्हा बूट काढले. या वेळी वेस्का ओरडली नाही. ती खुर्चीवरून उठली, कोपऱ्यातून पुठ्ठा आणला आणि माझ्या पायाखाली टाकला. ‘किमान यावर तरी उभे राहा, हट्टी माणूस.’ दोन कामगारांनी शिडी लावली. रालित्साने पांढरे हातमोजे घातले. किलिम खाली आला तेव्हा भिंतीवर त्याच्याएवढा फिक्या रंगाचा चौकोन राहिला.

तो लांब टेबलावर पालथा घातला. पाठीला जाड सुती अस्तर होतं. रालित्सा म्हणाली, ‘हे आमचं नाही. देतानाच शिवलेलं होतं, वहीत तशी नोंद आहे.’ मी कागद पुढे केला. ‘मी सांगेन तसं करायचं ना? मग हे उसवा.’ ती म्हणाली, ‘तुम्ही परत नेणार होता ना?’ मी म्हटलं, ‘आधी उसवा.’

टाके तुझेच होते. तू लहानपणापासून दुहेरी टाका घालतेस आणि शेवटी गाठ मारून दाताने तोडतेस. रालित्साने बारीक कात्रीने एकेक कापला. एक बाजू सुटली. आत बांगड्या नव्हत्या. आईच्या पांढऱ्या डोईरुमालाची हातभर पट्टी होती, किलिमाच्या पाठीला शिवलेली. त्यावर जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेलं, जिभेला लावून लिहायचो त्या पेन्सिलीने. आपल्या तुर्की भाषेत, शाळेत आपल्याला शिकवलेल्या अक्षरांत. त्या काळी ती अक्षरं घरात सापडली तरी दंड होता.

रालित्साला आपली भाषा येत नव्हती. तिने मला वाचायला सांगितलं. मी वाचलं.

‘हा किलिम सालिहची बायको हाफिझे हिने विणला. तिच्या जनाज्यावर तो घालता आला नाही. चाळिसाव्या दिवशीही देता आला नाही. तिने सांगितलेल्या मशिदीत आज ठेवला. तिची मुलगी नेफिसे. जुलै १९८९.’

मला आठवलं. आईने आपल्या दोघांना शेजारी बसवून सांगितलं होतं. ‘आधी माझ्यावर, मग शिशाच्या घुमटाखाली, तिसऱ्या रांगेत, तुमच्या बाबांच्या शेजारी.’ दुसऱ्या कुठल्याच मशिदीचं नाव तिने घेतलं नव्हतं. बुर्साच्या मशिदीत मी तेहतीस वर्षं निश्चिंत होतो, आणि आईने ती मागितलीच नव्हती. मी ते विसरलो. माझ्या सोयीने विसरलो.

आणि त्या वर्षी त्या इमारतीत वस्तू ठेवण्याचा एकच रस्ता होता, लादलेल्या नावाने म्यूझियमला देणगी, तू तो घेतलास. त्या लोकांनी स्वतःच्या हाताने खिळे ठोकून आईचं नाव भिंतीवर लावलं, मक्केकडे तोंड करून. मंत्री आले असतील, शाळेच्या सहली आल्या असतील, समोर वाचलं असेल ‘विणणारी अज्ञात’. आणि मागे ती होती, पूर्ण नावाने.

मला खरं का सांगितलं नाहीस ते आता विचारत नाही. सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. पट्टी कोणाला सापडेल या धास्तीने मला झोप लागली नसती आणि एके दिवशी सकाळी आठ वाजता, दार उघडायच्या आधी, मी तिथे जाऊन उभा राहिलो असतो. नव्वदनंतरसुद्धा. तू मला ओळखत होतीस. पण ओळखत होतीस हेच टोचतं, नेफिसे. तेहतीस वर्षं माझी बहीण मला ओळखून होती आणि तिने एकदाही, चुकूनसुद्धा, माझ्यावर विश्वास टाकून बघितला नाही.

दुरमुशने बाहेर जाऊन पुतण्याला गाडी परत न्यायला सांगितली. मी त्याला काही बोललो नव्हतो. परत आला आणि म्हणाला, ‘तुझ्यावर दुकानातलं ब्लँकेटच घालू. तू चेकवालं घे, तुला शोभेल.’

मी रालित्साला माझं म्हणणं सांगितलं. किलिम राजधानीला जायचा नाही. इथेच साफ करायचा, इथेच राहायचा. पाटीवर ‘विणणारी: हाफिझे’ लिहायचं आणि देणाऱ्याचं नाव नेफिसे. तिने सगळं लिहून घेतलं. पट्टी तिला वेगळ्या काचेत ठेवायची होती, लोक थांबून बघतील म्हणाली. मी नाही म्हटलं. ती होती तिथेच राहील, अस्तरामागे, भिंतीकडे तोंड करून. आईला बघायला लोक नको होते, जागा हवी होती. रालित्साने थोडा विचार केला आणि मान हलवली. अस्तर परत शिवायचं शुक्रवारी, २६ मेला दुपारी ठरलंय.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते.

तू लिहिलं आहेस, ‘घालता आला नाही’. कोणी घालू दिला नाही ते लिहिलं नाहीस. ते वाक्य मी लोकांसमोर मोठ्याने वाचलं आणि मग टेबलाची कड धरून खाली बसलो. वेस्काने पाणी आणलं. तिला वाटलं, हृदयाचं काहीतरी झालं.

आणि तुझ्या नावाखाली चार बोटं जागा कोरी आहे. पट्टी तिथे कापता आली असती. तू कापली नाहीस, दुमडून शिवली आहेस. एक नाव मावेल एवढी जागा. ती माझ्यासाठी ठेवली होतीस, की कापड होतं तेवढं वापरलंस?

रालित्सा म्हणते वस्तूवर आता कोणी एक टिंबही काढायचं नाही. वेस्का म्हणते, मॅडम शुक्रवारी बारा ते एक जेवायला जातात आणि किल्ली तिच्याकडे असते. घरात शोधली तर तसली जांभळी पेन्सिल एक सापडली, बोटभर उरलेली. टोक करून ठेवली आहे. शनिवारी हिदरेल्लेझला ती खिशात घालून मशिदीपर्यंत गेलो आणि परत आलो. तिथे माझं नाव मी स्वतःहून लिहिणार नाही. एकदा तुझ्या वतीने नाव लिहून आलो होतो, विचारल्याशिवाय.

फोनवर मला बोलता येत नाही. पण फोन कर. ‘लिही’ म्हण किंवा ‘नको’ म्हण. ‘नको’ म्हणालीस तर ती जागा कोरी राहील आणि मी वेस्काला अस्तराचा दोरा सुईत ओवून देईन, डोळे अजून तेवढे चांगले आहेत.

मनगटावरचा दोरा आज सोडला आणि मशिदीच्या अंगणातल्या तुतीला बांधला.

तुझ्या फोनची वाट बघतो. २६ तारखेला बारा वाजेपर्यंत.

दादा